फायलीतला फुटबॉल

ओरोस हे गाव कमी आणि कार्यालय जास्त. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, आणि त्याच्या मुख्यालयासाठी महामार्गालगत सिंधुदुर्गनगरी वसवण्यात आली. मालवणला बंदर आहे, सावंतवाडीला मोती तलाव आणि राजवाडा आहे, कुडाळला बाजार आहे. ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षकांचं कार्यालय आणि जिल्हा रुग्णालय आहे. दिवसभर इथे माणसं दाखले, उतारे, सह्या आणि शिक्के यांच्यामागे फिरतात. संध्याकाळच्या एसटी सुटल्या की नगरी ओस पडते, मागे राहतात क्वार्टर्समधले दिवे. त्यातल्या एखाद्या दिव्याखाली लॅपटॉपवर जे चाललेलं असतं ते पाहून नवख्याला वाटावं, साहेबांनी काम घरी आणलंय. एका कडेला आलेलं टपाल, दुसऱ्या कडेला तक्ता, मध्ये कुणाचा तरी अहवाल. शेजारच्या एका पोराने माझ्या खांद्यावरून बराच वेळ डोकावून विचारलं होतं, "काका, ह्यो खेळ आसा, काय हापिसातला काम?"

प्रश्न रास्त आहे. फुटबॉल मॅनेजर जातीच्या व्हिडिओ गेममध्ये चेंडूला पाय लावायलाच मिळत नाही. इतर फुटबॉल गेममध्ये बोटं चालवावी लागतात, इथे डोकं आणि सही चालवायची. तुम्ही एका क्लबचे व्यवस्थापक. संघ निवडायचा, डावपेच ठरवायचे, सरावाचं वेळापत्रक लावायचं, करार वाढवायचे, एजंटाशी घासाघीस करायची, सरावाच्या मैदानासाठी संचालक मंडळापुढे हात पसरायचे, पत्रकारांना गोडगोड उत्तरं द्यायची. राखीव फळीतला एखादा पोरगा रुसतो, त्याला बोलावून समजूत काढायची. समजूत फसली तर त्याचे दोस्तही रुसतात आणि शनिवारच्या सामन्यात सगळेच पाय ओढत खेळतात. सामना सुरू झाला की तुमच्याकडे बदली खेळाडू आणि चार सूचना एवढंच उरतं.

आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायला दशावतार पुरतो. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. जत्रेच्या रात्री रंगायला बसण्याआधी कथानक सांगितलं जातं, कोणी कोणतं पात्र घ्यायचं ते ठरतं, युद्ध कुठे आणि कुठे शोक हे ठरतं. पुढचे संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे. कुणाचा आवाज बसलाय, कुणाचं दुसऱ्याशी बिनसलंय, कोण लोकांच्या शिट्टीला भुलून पल्लेदार भाषणात शिरेल, हे मंडळाच्या मालकाला पाठ असावं लागतं, कारण एकदा पेटी-मृदंग सुरू झाले की त्याच्या हातात फारसं काही नसतं. या गेममधला सामनाही तसाच घडतो. तुम्ही आखणी देता. प्रत्येक खेळाडूपाशी वेग, दमसास, पासची अचूकता, धीर, एकाग्रता अशा गुणांचे १ ते २० पर्यंतचे आकडे असतात, शिवाय तुम्हाला न दिसणारे काही स्वभावाचे आकडे असतात: मोठ्या सामन्यात कच खाणारा, वारंवार दुखापत होणारा, आज उत्तम तर उद्या सुमार. ही सगळी भेळ यंत्र मिनिटामिनिटाला हलवतं आणि त्यातून गोल निघतो किंवा निघत नाही. हरल्यावर शिव्या कुणाला घालायच्या हे ठरवण्यात अर्धी रात्र जाते.

या प्रकाराची सुरुवात इंग्लंडातली. १९८२ साली केव्हिन टॉम्स नावाच्या एका प्रोग्रामरने ‘फुटबॉल मॅनेजर’ नावाचा गेम लिहिला आणि ‘अॅडिक्टिव्ह गेम्स’ या स्वतःच्याच कंपनीतर्फे विकला. पुढे पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोघा भावांनी श्रॉपशरमधल्या आपल्या घरी वेगळा, फार खोल गेम रचला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तो नाकारला. १९९२ साली डोमार्क कंपनीने तो ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या नावाने बाजारात आणला. त्या पहिल्या इंग्लिश आवृत्तीत खेळाडूंची नावं कल्पित होती, खरी नावं पुढच्या आवृत्तीत आली आणि मग वेड पसरलं. भावांनी १९९४ मध्ये स्पोर्ट्स इंटरॲक्टिव्ह ही कंपनी काढली. २००३ मध्ये, तोवर प्रकाशक झालेल्या आयडॉसशी फारकत झाली तेव्हा वाटणी मजेशीर झाली: नाव प्रकाशकाकडे राहिलं, गेमचा आत्मा म्हणजे प्रोग्राम आणि खेळाडूंची नोंदवही भावांकडे. त्यांनी सेगाशी हातमिळवणी केली, टॉम्सच्या गेमचंच जुनं नाव घेतलं आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ‘फुटबॉल मॅनेजर २००५’ आला. नावापेक्षा नोंदवही मोठी ठरली. पूर्वीचं नाव घेऊन बाजारात राहिलेला गेम काही वर्षांत मागे पडला.

या नोंदवहीतच सगळी मेख आहे. चित्रांच्या बाबतीत हा गेम कायम गरीबच राहिला. २००३ पर्यंत सामना म्हणजे पडद्यावर लुकलुकणाऱ्या मजकुराच्या ओळी होत्या, मग मैदानावर फिरणारी वर्तुळं आली, आणि हातापायांची माणसं दिसायला २००९ ची आवृत्ती यावी लागली. तरी लोक रात्र रात्र खेळत होते, कारण नोंदवहीतला माणूस खरा होता. जगभरातले तेराशेहून अधिक निरीक्षक आपापल्या भागातले सामने बघतात आणि प्रत्येक खेळाडूचे आकडे भरतात. त्यातले बरेचसे हौशी, आपल्या क्लबवर जीव टाकणारे. एव्हर्टनसारख्या प्रीमियर लीगच्या क्लबने २००८ मध्ये ही नोंदवही वापरण्याचा करारच केला. खेळणाऱ्यांच्या करमणुकीसाठी जमवलेली माहिती खऱ्या क्लबाला खेळाडू हेरायला उपयोगी पडावी, यात त्या निरीक्षकांच्या डोळ्यांचं मोठं प्रशस्तिपत्र आहे.

अर्थात डोळे फसतात आणि फसवतातही. २००१-०२ च्या आवृत्तीत ‘तो मादेइरा’ नावाचा एक पोर्तुगीज आघाडीवीर धो धो गोल करायचा. जगभर लोकांनी त्याला विकत घेतलं. पुढे उघड झालं की असा खेळाडूच नाही, गोवेया या छोट्या क्लबची माहिती भरणाऱ्या निरीक्षकाने स्वतःलाच आत घुसवलं होतं. आपल्याकडे लाभार्थ्यांच्या यादीत नाव घुसवतात, त्याने आघाडीच्या फळीत घुसवलं, एवढाच फरक. त्याच आवृत्तीतला माक्सिम त्सिगाल्को मात्र खरा होता. दिनामो मिन्स्कचा हा बेलारूसी पोरगा गेममध्ये अद्भुत निघाला, स्वस्तात मिळायचा आणि हंगामात ढिगाने गोल करायचा. खऱ्या आयुष्यात दुखापतींनी त्याला विशीतच मैदानाबाहेर काढलं आणि डिसेंबर २०२० मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी, तो गेला. बातमी आली तेव्हा त्याचा एकही खरा सामना न पाहिलेली माणसं जगभर हळहळली. मला हा या गेमचा सगळ्यात विचित्र पराक्रम वाटतो. नोंदवहीतल्या एका ओळीवर माणसांनी माया केली.

गेममधून उठून थेट खुर्चीत बसलेल्यांच्या कथाही रंगवून सांगितल्या जातात. अझरबैजानच्या बाकू क्लबने २०१२ मध्ये एकवीस वर्षांच्या वुगर हुसेनझादेला व्यवस्थापनात घेतलं आणि जगभरच्या पत्रकारांनी त्याचं श्रेय गेमला दिलं. फ्रान्सच्या राँसने ऑक्टोबर २०२२ मध्ये विल स्टिल या तिशीच्या प्रशिक्षकाला संघ दिला. त्याच्याकडे सर्वोच्च परवाना नव्हता म्हणून क्लब दर सामन्याला २५ हजार युरो दंड भरत राहिला, आणि संघ लीगमध्ये सलग सतरा सामने अपराजित राहिला. स्टिलही लहानपणी हा गेम खेळायचा, एवढ्यावरून मथळे झाले. तो प्रशिक्षणाचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस होता हे मथळ्यात मावलं नाही. गेम खेळून कोणी प्रशिक्षक होत नाही. दुसऱ्याचं काम किती किचकट असतं एवढं मात्र कळतं, आणि तेही पुष्कळ झालं.

०००

मी स्वतः बहुतेक वेळा भारतातला क्लब घेतो. मॅंचेस्टर किंवा माद्रिद घेऊन जिंकण्यात काय गंमत? भारताची लीग या गेममध्ये आहे. जपानची जे-लीग २०२४ च्या आवृत्तीत पहिल्यांदा आली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपली आय-लीग आणि नंतर इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल तिथे निवडता येते. गोव्याचे क्लब घ्यायला मला विशेष आवडतं. ओरोसहून बांदा-पत्रादेवी ओलांडली की फुटबॉलचा मुलूख लागतो. आमच्या जिल्ह्यातली पोरं नोकरीला गोव्यात जातात आणि येताना मडगावच्या फातोर्डा मैदानाच्या गोष्टी घेऊन येतात. धेंपोने २००५ ते २०१३ या काळात देशाची लीग पाच वेळा जिंकली, चर्चिल ब्रदर्सने दोनदा, मधल्या २०११ मध्ये साळगावकरने. आर्मांदो कुलासो यांच्या धेंपोसारखा, आपल्याच मातीतल्या पोरांवर उभा असलेला संघ गेममध्ये बांधायला घेतला की हंगाम कसे सरतात कळत नाही.

महाराष्ट्राचा क्लब घ्यायचा तर वेगळीच पंचाईत. जुन्या आवृत्त्या उघडल्या की पुणे एफसी दिसतो, मुंबई एफसी दिसतो. दोन्ही आज नाहीत. महिंद्र युनायटेडने डेरिक परेरा यांच्या हाताखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ मध्ये गाशा गुंडाळला. भारत एफसी एका हंगामाचा पाहुणा. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम लीग खेळला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. एका पुणे शहरात पाच वर्षांत चार व्यावसायिक क्लब मिटले. ज्या शहरात मिसळीचं हॉटेल बंद झालं तरी वर्तमानपत्रात लेख येतो, तिथे यावर कुणी सुतक पाळल्याचं मला आठवत नाही.

आणि इथे जुनी सेव्ह फाईल वेगळ्याच कामाला येते. कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर पुणे एफसी अजून बालेवाडीत खेळतोय, त्याचा गोलरक्षक अजून तिशीत आहे, त्याचा पुढचा सामना शनिवारी आहे. त्या क्लबात त्या वर्षी कोण होतं, कुठल्या जागी खेळायचं, कुणाचा डावा पाय चांगला होता, हे सगळं एका इंग्लिश कंपनीच्या नोंदवहीत सापडतं. मराठीत कुठे सापडेल, हे ज्याने त्याने शोधून पाहावं.

मुंबई एफसीचा शेवट तर कादंबरीला शोभावा असा. खालिद जमील तिथे सात वर्षं प्रशिक्षक होते. तुटपुंज्या खर्चात दरवर्षी क्लबला पायरीवरून घसरू न देणं हे त्यांचं काम. २०१६ मध्ये ते गेले आणि मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे आले. ऐझॉल आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता, गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतल्यावर जागा झाली म्हणून परत आत आला. जयेश राणे, आशुतोष मेहता यांच्यासारखे मुंबईत खेळलेले खेळाडू जमील यांच्या सोबत होते. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला बरोबरी साधून ऐझॉल देशाचा विजेता झाला, मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला आणि नंतर बंदच झाला. गेममध्ये कुणी असा हंगाम केला असता तर मित्रांनी म्हटलं असतं, हरलेला सामना पुसून परत खेळलास, खोटारड्या. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेरा वर्षांनी या खुर्चीवर भारतीय माणूस बसला. पहिल्याच स्पर्धेत, मध्य आशियाच्या काफा नेशन्स चषकात, भारताने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक घेतला. ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूरकडून १-२ असा मार खाल्ला आणि आशियाई चषकाचा रस्ता बंद झाला. संचालक मंडळाचा विश्वास दाखवणारी एक पट्टी गेममध्ये असते, ती दोन महिन्यांत हिरवी होऊन लाल कशी होते याचं इतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

पण भारतीय फुटबॉलच्या काही गोष्टी या गेमला कधीच जमणार नाहीत. गेममध्ये गुणतक्ता अंतिम असतो. २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्स ४० गुणांवर संपले, इंटर काशी ३९ वर. अपात्र खेळाडू खेळवल्याच्या वादातले गुण कुणाचे, यावर अपिलं झाली. एप्रिलमध्ये गोव्यात चर्चिलला चषक दिला गेला आणि १८ जुलै २०२५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने इंटर काशी विजेते असल्याचा निकाल दिला. मैदानावर हंगाम एप्रिलमध्ये संपला, फायलीत जुलैमध्ये. ओरोसच्या माणसाला यात नवल वाटू नये.

त्याच जुलैमध्ये आयएसएलच्या आयोजकांनी २०२५-२६ चा हंगाम थांबवून ठेवल्याचं क्लबांना कळवलं, कारण भारतीय फुटबॉल महासंघाशी २०१० मध्ये झालेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचं काही ठरत नव्हतं. बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवत असल्याचं जाहीर केलं. हंगाम ठरल्या वेळी सुरू झालाच नाही. गेममध्ये तुमचा क्लब दिवाळखोर होऊ शकतो, मालक पळून जाऊ शकतो, सगळी मधली फळी एकाच आठवड्यात जायबंदी होऊ शकते. लीगच सुरू होत नाही, असं मात्र घडत नाही. ज्या देशात हा प्रोग्राम लिहिला गेला तिथे ती शक्यता कुणाच्या मनातच आली नसावी.

०००

या गेमचं परीक्षण करणं हे एक वेगळं दुखणं आहे. नाटक तीन तासांत संपतं, सिनेमाही. दुसऱ्या दिवशी परीक्षण लिहिता येतं. इथे एकच हंगाम नीट खेळायचा तर कितीतरी संध्याकाळी जातात आणि गेमचे खरे दोष पहिल्या हंगामात दिसतच नाहीत. तिसऱ्या-चौथ्या हंगामात कळतं की खेळाडूंच्या किमती भरमसाट वाढत चालल्यात, किंवा यंत्राने घडवलेली नवी पोरं सगळी एकाच साच्यातली निघतायत, किंवा एखादी आखणी अशी आहे की ती लावली की समोरचा कुणीही हरतो. प्रकाशनाच्या दिवशी छापून येणारं परीक्षण म्हणजे मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमातलं चहा-पोह्यांचं मत. स्टीम या दुकानात बरं असतं, मत देणाऱ्याने किती तास खेळून ते दिलंय हे नावाखाली दिसतं. अडीच तास खेळून चिडलेला आणि हजार तास खेळून चिडलेला यांच्यातला फरक वाचणाऱ्याला कळतो.

मी स्वतः आवृत्ती पारखताना आधी हरून बघतो. का हरलो, हे सामना पाहून समजलं पाहिजे. नाही समजलं तर यंत्र फासे टाकतंय आणि मला डावपेचांचा भास विकतंय. मग माझ्या क्लबाशी संबंध नसलेल्या कुठल्यातरी दूरच्या लीगमध्ये डोकावतो. तिथे माझ्यावाचून जग चाललंय का? प्रशिक्षक हाकलले जातायत, खालचे वर येतायत, म्हातारे निवृत्त होतायत? चांगल्या आवृत्तीत ते चालतं, आणि आपण फक्त एका टेबलामागे बसलोय ही जाणीव सुखाची असते. शेवटी बघतो ते टेबल. एका निर्णयाला किती वेळा टिचकी मारावी लागते, हवा तो कागद किती सहज हाती येतो.

या तिसऱ्या कसोटीवर अलीकडे मोठी घसरण झाली. २००४ पासून दरवर्षी न चुकता येणारा हा गेम एकदा चुकला. २०२५ ची आवृत्ती आधी पुढे ढकलली गेली आणि ६ फेब्रुवारी २०२५ रोजी रद्द झाल्याचं जाहीर झालं, आगाऊ नोंदणी केलेल्यांना पैसे परत मिळाले. जुना पाया काढून युनिटी या नव्या पायावर सगळं उभं करण्याचा घाट घातला होता, तो वेळेत जमला नाही. कच्चा माल विकण्यापेक्षा दुकान वर्षभर बंद ठेवलं हे मला पटलं. पण ४ नोव्हेंबर २०२५ ला २०२६ ची आवृत्ती आली आणि स्टीमवर नापसंतीच्या मतांचा पाऊस पडला. सामन्याची दृश्यं नक्कीच देखणी झालीत. महिला फुटबॉल पहिल्यांदा आला, आणि तो वेगळ्या खोलीत न बसवता त्याच जगात, त्याच नोंदवहीत आला हे फार चांगलं झालं. राष्ट्रीय संघ चालवण्याची सोय मात्र प्रकाशनाच्या वेळी नव्हती, ती नंतर येणार होती. आणि मुख्य म्हणजे पडद्यावरची मांडणी. जे पूर्वी एका उघड्या तक्त्यात दिसायचं ते आता छोट्या छोट्या चौकोनांत वाटून ठेवलंय, एक उघडा, मग दुसरा उघडा. तक्ता हाच ज्या गेमचा देह, त्याचा तक्ता मोडणं हा साधा दोष नाही. कारकुनाच्या टेबलावरच्या फायली कपाटात रचून ठेवून टेबल स्वच्छ केल्याचा आनंद ज्याला होतो, त्याने त्या टेबलावर काम केलेलं नसतं. त्यापेक्षा २०२४ ची आवृत्तीच बरी, असं माझं मत.

एक खुलासा इथल्या आईबापांसाठी. ऑनलाइन गेम म्हटलं की आता रमी आणि पैसे आठवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले, ड्रीम इलेव्हनसारख्या कंपनीला आपला मुख्य धंदा थांबवावा लागला. मॅनेजर जातीचा हा गेम त्यातला नाही. तो एकदा विकत घ्यायचा, घरच्या संगणकावर एकट्याने खेळायचा, इंटरनेट गेलं तरी चालतो. आमच्याकडे पावसात वीज आणि नेटवर्क दोन्ही कसं असतं हे सांगायला नको. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागत असताना त्या वर्षीची आवृत्ती काही दिवस फुकट खेळायला दिली होती, आणि आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना हा नाद तेव्हाच लागला. नाद म्हणून तो लहान नाही. पैसे जात नाहीत, झोप जाते.

०००

आता मूळ रडगाणं. या नोंदवहीत आम्ही नाही.

कोल्हापूरचंच घ्या. पाटाकडील, शिवाजी तरुण, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल: पेठापेठांच्या तालमींचे संघ राजर्षी शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा गॅलरीत बसायला जागा नसते, आणि त्या सामन्यांवरून घराघरांत बोलणं बंद होतं. आयएसएलच्या कित्येक सामन्यांना तेवढी गर्दी जमत नाही. याच शहरातला अनिकेत जाधव ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण गेममध्ये निवडता येणाऱ्या भारतीय स्पर्धांत कोल्हापूरची लीग नाही. अनिकेत राष्ट्रीय पातळीवर गेला तेव्हा जगाच्या नोंदीत आला. त्याच्याबरोबर पेठेत खेळलेला, कदाचित त्याच्याहून चांगला पास देणारा जो मागे राहिला, तो फक्त कट्ट्यावरच्या आठवणीत आहे.

सिंधुदुर्गाची कथा त्याहून लहान. हा टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा मुलूख. फुटबॉल शाळांत आहे, चर्चच्या आवारात आहे, भाताच्या मळ्या मोकळ्या असतील तिथे आहे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, विश्वचषकाच्या तोंडावर, राज्य सरकारने एकाच दिवशी महाराष्ट्रातल्या दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायची मोहीम काढली. शाळांना फुटबॉल वाटले. त्या दिवशी किती मुलं खेळली याला महत्त्व होतं, कोण कसं खेळलं याला नव्हतं. दरवर्षी सुब्रतो चषकाच्या आणि शालेय स्पर्धांच्या निमित्ताने तालुक्यातालुक्यातले संघ जिल्ह्याला येतात. मुलांची नावं कागदावर येतात, कारण दहावी-बारावीच्या क्रीडा सवलत गुणांसाठी ती लागतात. नाव, जन्मतारीख, शाळा, खेळ, स्तर, प्राचार्यांची सही. फाईल परिपूर्ण असते. तिच्यात फक्त फुटबॉल नसतो. हा मुलगा डाव्या पायाचा की उजव्या, बचावात उभा होता की आघाडीला, शेवटच्या दहा मिनिटांत पळत होता की कमरेवर हात ठेवून उभा होता, गेल्या वर्षीपेक्षा यंदा सुधारला का, यातलं अक्षर नाही. कॉलियर बंधूंच्या निरीक्षकांनी याखेरीज वेगळं काय केलं? मैदानाच्या कडेला बसले, पाहिलं, लिहिलं, पुढच्या वर्षी परत येऊन दुरुस्त केलं. पैसा, मैदान, परदेशी प्रशिक्षक यांवाचून आपलं अडतं असं आपण म्हणतो. वही आणि पेन यांवाचून कुणाचं अडत नाही.

गेम आणि खरा फुटबॉल यांची गल्लत करू नये, असं कुणी सांगेल. मी करत नाही. वीसपैकी चौदा असा आकडा देऊन पोरगं कळत नाही, आणि आकड्यांमागे लागलेले क्लब पोरांना जनावरासारखं मोजतात ही तक्रारही खोटी नाही. पण मोजल्यामुळे झालेला अन्याय हा पुढचा अन्याय. आमच्याकडे अजून पहिलाच चालू आहे, कुणी पाहिलंच नाही हा.

म्हणून ही विनंती सिंधुदुर्गातल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या क्रीडाशिक्षकांना, शालेय सामन्यांना पंच म्हणून उभे राहणाऱ्यांना, आणि गेममध्ये रात्री घालवणाऱ्या तरुणांना, ज्यांना खेळाडू कसा वाचायचा हे आता चांगलं येतं. यंदाच्या तालुका स्पर्धांना एक शंभरपानी वही घेऊन जा. दोन्ही संघांचे अकरा-अकरा खेळाडू त्यांच्या जागेसकट लिहा, गोल कुणी कितव्या मिनिटाला केला ते लिहा, लक्षात राहिलेल्या दोन-तीन मुलामुलींबद्दल प्रत्येकी दोन ओळी लिहा आणि खाली तारीख घाला. पुढच्या वर्षी तीच वही घेऊन परत जा. ज्यांच्या घरात जुन्या सामन्यांची कात्रणं, संघांचे फोटो, स्पर्धांची पत्रकं पडून असतील त्यांनी ती रद्दीत देऊ नयेत, फोटोमागे नावं लिहून शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयात नेऊन द्यावीत. नावं सांगणारी माणसं आहेत तोवरच हे काम होण्यासारखं आहे.